चीनच्या शाळांत लोकगीतं शिकवतात ती नक्की कुणाची? (ग्वांगचौहून एक प्रश्न)

गुलबकावली

मंडळी, नवऱ्याच्या नोकरीपायी सध्या आमचं बिऱ्हाड ग्वांगचौला आहे. मुलगा तिसरीत, इथल्याच शाळेत जातो. चिनी माझ्यापेक्षा झरझर बोलतो, त्यामुळे बाजारात घासाघीस करायला मी त्यालाच पुढे करते.

मध्यंतरी त्यानं संगीताच्या वहीत एक गाणं उतरवून आणलं. सारेगम नाही, नुसते आकडे. १ २ ३ ५ ६, काहींच्या डोक्यावर टिंब, काहींच्या पायाशी, खाली रेघा. मोगऱ्याच्या फुलाचं गाणं आहे. वर्गात बाई पियानो वाजवतात आणि सगळी पोरं एका सुरात म्हणतात. कानाला गोड आहे, नाही म्हणत नाही.

शेजारी एक आज्जी राहतात, पक्क्या ग्वांगचौच्या. त्यानं त्यांना मोठ्या ऐटीत गाऊन दाखवलं. त्यांनी कौतुक केलं, हातावर सुकवलेलं आलुबुखार ठेवलं आणि म्हणाल्या, "छान रे, पण हे च्यांगसू प्रांताकडचं. आमचं नव्हे." मग त्यांनी चांदण्या रात्रीचं एक बालगीत म्हटलं, कँटनी भाषेत. पोराला ते इतकं आवडलं की दोन दिवस घरात तेच. शाळेत म्हणू का, असं विचारलं तर आज्जी म्हणाल्या, शाळेत पुतोंगह्वाच (म्हणजे प्रमाण चिनी) बोलायचं.

तर प्रश्न असा: पुस्तकातलं लोकगीत आणि आज्जींचं लोकगीत यांत शाळा काही नातं ठेवते का? की खेड्यांत वेगळं काही चालतं? आणि मी माझ्या मुलाचं काय करू? तो शिकतोय ते चिनी लोकसंगीत मानू की चिनी शाळासंगीत?

सह्यकडा

आकडे आणि टिंबं वाचून मला आधी मटकाच आठवला. :)

गंमत सोडा. ती आकड्यांची स्वरलिपी मूळची फ्रान्समधली, जपानमार्गे चीनमध्ये आली आणि तिथं इतकी रुजली की गावच्या भजनी मंडळासारख्या हौशी गायकांच्या हातातही तीच दिसते. १ म्हणजे सा, वर टिंब म्हणजे तार सप्तक. मोगऱ्याचं गाणं तर फारच फिरलेलं आहे. जॉन बॅरो नावाच्या इंग्रजानं १८०४ मध्ये आपल्या चीनच्या प्रवासवर्णनात त्याची चाल छापली. पुढे पुच्चिनी या इटालियन संगीतकारानं ती आपल्या शेवटच्या ऑपेरात घातली, त्याचा पहिला प्रयोग १९२६ चा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पदकं देताना वाजली तीही हीच. म्हणजे शाळेनं निवडलं त्यात नवल नाही. आज्जी म्हणतात ते मात्र बरोबर, शाळेत शिकवतात ती च्यांगसूची चाल. याच फुलाची हपेइ प्रांतात आणि ईशान्येकडे वेगळी गाणी आहेत.

बाकी पेटीवाला यांनी लिहावं. ते तिकडे राहून आलेत.

पेटीवाला

सह्यकडा, आभार (आणि मला कामाला लावल्याबद्दल निषेध).

गुलबकावलीताई, उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा. माझी ओळख एवढीच की मी मिरजेचा, हार्मोनियम वाजवणारा, आणि शिष्यवृत्तीवर गुइयांगला संगीतशिक्षण शिकत होतो. सुट्टी लागली की गुइचौ प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, लीपिंग आणि त्सोंगच्यांगकडच्या डोंग जमातीच्या गावांत जाऊन पडायचो. म्हणून मी सांगेन ते मुख्यतः तिथलं.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. 'शाळासंगीत' हा तुमचा शब्द अगदी नेमका बसतो, कारण चिनी शाळेत गाणं आलं तेव्हा लोकगीत बाहेरच उभं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या शाळा निघाल्या. शन शिनकोंगसारखे जपानहून शिकून आलेले मास्तर पोरांना गायला शिकवू लागले, ते जपानी नि युरोपी चालींवर चिनी शब्द बसवून. ली शुथोंग यांचं निरोपाचं गाणं त्याच काळातलं. आज ते शाळा सुटताना सगळ्यांच्या तोंडी असतं आणि बहुतेकांना अस्सल चिनी वाटतं. चाल अमेरिकन आहे, जपानला वळसा घालून आलेली.

लोकगीतांकडे लक्ष गेलं ते १९१८ मध्ये. पेकिंग विद्यापीठानं गाणी गोळा करून पाठवा अशी हाक दिली, १९२२ मध्ये त्यासाठी साप्ताहिक काढलं. पण तो साहित्यिकांचा उद्योग. शब्द जमले, चाली जिथल्या तिथं राहिल्या. चाली उतरवून घेणं नेटानं सुरू झालं कम्युनिस्टांच्या तळावर, येनानमध्ये, १९३९ पासून. (अवांतर: आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस येनानला पोचले ते याच साली.) तिथं जमवलेल्या प्रेमगीतांच्या चालींवर नवे राजकीय शब्द चढले, हा त्याच कामाचा दुसरा भाग. मग १९७९ पासून प्रांतवार संग्रहाचं प्रचंड काम सुरू झालं. जिल्ह्याजिल्ह्याच्या संस्कृतिकेंद्रातली माणसं टेपरेकॉर्डर घेऊन डोंगर चढली. ते खंड मी ग्रंथालयात हाताळलेत, एकेक उचलायला दोन हात लागतात. काम थोर आहे. पण कपाटातलं गाणं पोराच्या गळ्यात कसं उतरावं हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आता डोंग लोक. २०२० च्या जनगणनेत साधारण ३५ लाख. त्यांच्यातल्या दक्षिणेकडच्या गावांत एक प्रकार आहे, त्याला बाहेर 'महागीत' म्हणतात. वाद्य नाही, हात हलवणारा संचालक नाही, आणि गाणं दोन पदरी. बहुतेक जणी खालचा पदर धरतात, एखाददुसरी वरचा उचलते, आणि शेवटी दोन्ही आवाज एका स्वरावर येऊन मिळतात. १९८६ मध्ये नऊ डोंग मुली पॅरिसच्या महोत्सवात गायल्या, तेव्हा जगाला कळलं. २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नाव गेलं. डोंग लोकांत म्हण आहे की भातानं शरीर पोसतं, गाण्यानं मन.

ही माणसं शाळेविना कशी शिकत होती? एकेका कुळाची, एकेका वयाची टोळी असायची. पाच-सहा वर्षांची पोर झाली की टोळीत दाखल. रात्री गीतगुरूच्या घरी, शेगडीभोवती. गुरू एक ओळ म्हणणार, पोरं ती म्हणणार, कागद नाही. सणाला दुसऱ्या गावची पोरं पाहुणी आली की ढोलमनोऱ्यात समोरासमोर बसून सवाल-जवाब. एका कुळातले एकमेकांसमोर प्रेमगीत गात नाहीत, कारण त्यांचं लग्न होत नाही. म्हणजे कुणासमोर काय गायचं हे कळणं हाही शिक्षणाचाच भाग होता.

एक गोष्ट मी जवळून पाहिली. महागीतात आवाज तुटता कामा नये, म्हणून श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नसतो. हे तोंडी सांगून येत नाही. बाकावर खेटून बसलेल्या मुलींत मोठी मुलगी धाकटीच्या कोपराला कोपर लावून बसते. दाबलं की थांब, सैल सोडलं की घे. धाकटी पुढे बघत गातच असते, चेहऱ्यावर काही दिसत नाही.

आता हेच शाळेत. २००१ च्या अभ्यासक्रम सुधारणेनं प्रांताला आणि शाळेला स्वतःचे विषय ठेवायची मुभा दिली आणि २०११ च्या अमूर्त वारसा कायद्यानं तर शाळांनी हे शिकवावं असं लिहूनच टाकलं. तेव्हा डोंग गाणं वेळापत्रकात आहे, ही वस्तुस्थिती. पण मी एका शाळेत (नाव नको) तास बघितला. पोरं अंतर सोडून रांगेत उभी. बाईंनी कीबोर्डवर सूर दिला. गाणं निवडलं होतं रातकिड्यांच्या आवाजाची नक्कल करणारं, कारण ते छोटं, चपळ, आणि स्पर्धेत टाळ्या घेणारं. पंधरा ओळींनंतर कथा कुठे सुरू होते अशी लांबलचक कथागीतं त्या शाळेत कुणाला येत नव्हती. ती बसवायला एक सत्र जातं आणि परीक्षक पाच मिनिटं देतात.

आणि वही! डोंग भाषेला १९५८ मध्ये रोमन लिपी करून दिली, पण गावात ती फार थोड्यांना येते. म्हणून शब्द चिनी अक्षरांत लिहायचे, अर्थ सोडून नुसता उच्चार धरायचा. घरी डोंग बोलणारं पोर ते बरोबर म्हणतं. तालुक्याच्या गावात वाढलेलं पोर तीच अक्षरं पुतोंगह्वाच्या चढ-उतारात वाचतं. या भाषांत शब्दाचा सूर बदलला की शब्दच बदलतो, आणि चाल त्या सुरावर बेतलेली असते. म्हणजे चूक उच्चारात होते आणि खड्डा चालीत पडतो. तुमच्या आज्जींच्या कँटनी गाण्यालाही हेच लागू. ते पुतोंगह्वात म्हणून बघा, चाल अंगाला बसणार नाही.

गुलबकावली

पेटीवालादादा, मनापासून आभार. कोपराची गोष्ट मुलाला सांगितली, तो आता जेवताना मला कोपर लावून श्वास थांबवायला सांगतोय.

पण मग शाळेचा काही उपयोगच नाही असं म्हणायचं का तुम्हाला?

कडूकिरायतं

माझं मत जरा कडवट आहे, आयडीप्रमाणे.

यांग्त्सेवर नावा ओढणारे लोक होते. दोर खांद्यावर घेऊन काठाच्या खडकांवरून वाकून चालायचे, एक जण हाळी द्यायचा, बाकीचे झेलायचे. उतार, भोवरा, चढण, प्रत्येकाची हाळी निराळी. मग इंजिनाच्या बोटी आल्या, पुढे थ्री गॉर्जेस धरणानं पाणी वर आलं, ते खडकच बुडाले. आता ती हाळी 'वारसा' म्हणून स्टेजवर होते, दोर असतो आणि दुसऱ्या टोकाला काही नसतं. आपल्याकडे पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी थांबली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी लाखभर ओव्या गोळा केल्या म्हणून निदान कागदावर उरल्या. कामच गेलं तर गाणं का राहावं? शाळेनं उगाच मढ्याला उभं करू नये.

पेटीवाला

कडूकिरायतं, हाळीबद्दल तुमच्याशी भांडण नाही. काम संपलं की कामाचं गाणं वहीत जाणार, आणि वहीत नीट जावं एवढंच बघावं. पण चिनी अभ्यासक लोकगीतांचे तीन ढीग करतात: कामाच्या हाळ्या, उघड्या माळावरची डोंगरगाणी, आणि गावा-शहरातली ठाशीव लहान गाणी. तिन्हींना एकच न्याय लावू नका. डोंगांचं गाणं कामाला बांधलेलं नव्हतंच. ते पाहुण्यांना, सणाला, लग्न जुळण्याला बांधलेलं. पाहुणे अजून येतात, सण अजून होतात. नाहीत ती तरुण माणसं. ती ग्वांगतोंगच्या कारखान्यांत आहेत, ताईंच्या शहराच्या आसपासच. आणि २००१ नंतर खेड्यातल्या लहान शाळा बंद करून मोठ्यांत मिळवल्या, २०१२ मध्ये सरकारनं त्याला आवर घातला तोवर पुष्कळ पोरं निवासी शाळांत गेली होती. गीतगुरूच्या शेगडीजवळची जागा रिकामी झाली ती यामुळे. संध्याकाळी पोर गावातच नसेल तर शिकवणार कुणाला? तेव्हा ज्या शाळेनं संध्याकाळ घेतली, तिनं गाण्याचं काही देणं लागतं असं मला वाटतं.

गुलबकावलीताई, शाळा निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. पण शाळेनं गाणं आपल्याकडे ओढून घेण्यापेक्षा पोराला गाणाऱ्याकडे धाडावं. असं करणारे एक गुरुजी मला भेटले, त्याच डोंगराळ भागात, गणित शिकवणारे. संगीताचा तास त्यांच्या गळ्यात पडलेला कारण शिक्षक नव्हता. स्वतःला गाता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. गृहपाठ देत: शुक्रवारी घरी जाताय, आजीकडून एक गाणं शिकून या, आणि सोमवारी सांगा की ते कुणासमोर गात नाहीत. दुसरा भाग मला फार आवडला. पोरं परत यायची ती गाण्याबरोबर घरातली भांडणं, नाती, कोण कुणाच्या कुळातला असं सगळं घेऊन. एका मुलीनं सांगितलं होतं की आजी गाणं द्यायला तयार नाही, कारण ते तिच्या मेलेल्या मैत्रिणीच्या टोळीचं आहे, तिच्या मुलीला विचार. गुरुजींनी तिला त्या मुलीकडे पाठवलं. इतर वर्गांची पोरं गॅदरिंगमध्ये रातकिडे गात होती, ही पोरं काहीच बसवत नव्हती, आणि मुख्याध्यापक त्यावरून कुरकुरतही होते.

गुरूला पैसे मिळतात का, हेही कुणी विचारेल म्हणून सांगतो. राष्ट्रीय पातळीवर नेमलेल्या वारसदार कलावंताला २०१६ पासून वर्षाला २० हजार युआन मिळतात, आणि शिष्य तयार करणं हे त्याचं कायदेशीर काम आहे, केलं नाही तर मान काढून घेता येतो. पण गावातल्या दहा गाणाऱ्या बायकांपैकी एकीला तो मान मिळतो. मग उरलेल्या नऊ जणी म्हणतात, तिलाच विचारा. टोळीचं गाणं एकटीच्या नावावर चढवलं की असं होणारच. माझ्या मते हा पैसा टोळीला द्यायला हवा.

शाळेला न झेपणारं एक उदाहरणही देतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं नको. वायव्य चीनमध्ये, कान्सू, छिंगहाय, निंगश्या इकडे 'ह्वाअर' नावाचं गाणं आहे, तेही २००९ मध्येच युनेस्कोच्या यादीत गेलं. नऊ जमातींचे लोक गातात, त्यांत हान, ह्वेइ, तिबेटी, सालार आणि 'तू' नावाची जमात, सगळे आले. पण ते घरात, वडीलधाऱ्यांसमोर म्हणायचं नाही. प्रेमाचं उघडं गाणं आहे, माळावर म्हणायचं. चांद्र सहाव्या महिन्यात लिएन्ह्वा डोंगरावर जत्रा भरते, तिथं बायका गवताची वळलेली दोरी रस्त्यावर आडवी धरतात. गाण्यानं उत्तर द्या, मग वाट. आता हे गाणं शाळेच्या चार भिंतींत, बाईंसमोर कसं म्हणणार? तर शब्द बदलून. पर्यावरण, गाव माझा सुंदर, वगैरे. चाल तीच राहते, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला हसू येतं. तिथं शाळेनं फक्त जत्रेच्या दिवशी सुट्टी द्यावी, एवढंच बास.

गुलबकावली

हा मुद्दा पटला. सुट्टीचा तर माझ्या लेकाला सर्वांत जास्त पटेल.

आता आमच्या पुरतं सांगा. गुइचौ काही मला झेपणार नाही. ग्वांगचौत बसून काय करता येईल?

पेटीवाला

ताई, तुम्ही योग्य ठिकाणी आहात. पर्ल नदीच्या मुखाशी नावेवर राहणाऱ्या तान लोकांची 'खाऱ्या पाण्याची गाणी' आहेत, कँटनीतली. चोंगशानची ही गाणी २००६ च्या पहिल्या राष्ट्रीय वारसा यादीतच आली, आणि चोंगशान तुमच्यापासून रेल्वेनं फार दूर नाही. थानचौ नावाचं गाव त्यासाठी ओळखलं जातं. पूर्वेला मेइचौकडे हाक्का लोकांची डोंगरगाणी आहेत, तीही त्याच यादीत. दोन्हींत सवाल-जवाब असतात, पोरांना मजा येते.

पण त्याआधी शेजारच्या आज्जी. त्यांच्याकडे आठवड्याला एक संध्याकाळ पोराला बसवा. शिकवा असं म्हणू नका, त्या लगेच म्हणतील मला काही येत नाही. भाज्या निवडायला, डंपलिंग वळायला, काहीही. गाणं म्हटलं की दुसऱ्यांदा म्हणायला लावा, पहिल्या वेळी त्या लाजतील. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर विचारून करा, आणि फक्त गाणं नको, आधीची नि नंतरची बडबडही राहू द्या. कुणाकडून शिकल्या, कुठे म्हणायच्या, कधी म्हणायचं नाही, हे सगळं त्या बडबडीत असतं. शब्द लिहून घेताना मुलाला चिनी अक्षरांत लिहू देऊ नका, तो पुतोंगह्वात वाचेल. त्याला देवनागरीत लिहू द्या. सूर दाखवायला वर-खाली बाण काढले की झालं.

शाळेची वही मात्र चालू ठेवा. आकड्यांची लिपी आली की थानचौच्या आज्जीबाईंनी गायलेलं तो स्वतः उतरवू शकेल.

नाममात्र

वाचतोय. धागा जपून ठेवला आहे. पेटीवाला, त्या गणिताच्या गुरुजींवर वेगळा लेख येऊ द्या.

कडूकिरायतं

+१. आणि त्या मुलीला शेवटी गाणं मिळालं का, तेही लिहा.

पेटीवाला

मिळालं, अर्धं. उरलेलं त्या मैत्रिणीच्या मुलीच्या थोरल्या बहिणीकडे होतं, आणि ती तेव्हा तोंगक्वानला बुटांच्या कारखान्यात कामाला होती. मुलीनं ते फोनवर शिकून घेतलं, रविवारी, बहिणीची कारखान्यातली पाळी नसताना.